अच्युत कानविंदे आणि साठीला आलेलं काँक्रीट

इन्स्टावर 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' असं सर्च करून बघा. काय येतं? बारीक निमुळत्या पायांचा सोफा, लाकडी साइडबोर्ड, कोपऱ्यात एक मॉन्स्टेरा, आणि किंमत बघितली की ॲप बंद करावंसं वाटतं. त्यात कधीतरी चंडीगडची ती व्ही आकाराच्या पायांची वेताची खुर्ची पण येते. पिएर जानरे आणि त्याच्या टीमने चंडीगडच्या सरकारी ऑफिसांसाठी केलेली. एके काळी तिथे गच्चीवर आणि गोदामात या खुर्च्यांचे ढीग पडले होते, भंगार म्हणून लिलावात गेल्या, आणि परदेशातल्या ऑक्शन हाऊसमध्ये लाखांच्या भावाने विकल्या गेल्या. शेवटी २०११ मध्ये केंद्र सरकारला ऑर्डर काढावी लागली की हे फर्निचर विकू नका.

पण आज खुर्चीवर बोलायचं नाहीये. आज एका माणसावर बोलायचंय, जो त्याच काळातला, त्याच विचारातला, आणि आपला. म्हणजे अगदी मालवणजवळच्या आचऱ्याचा. अच्युत कानविंदे. मी हे नाव माझ्या ऑफिसमधल्या मराठी ग्रुपवर टाकलं तर पहिला रिप्लाय आला, "क्रिकेटर का?"

आधीच सांगतो, मी आर्किटेक्ट नाही. बी.टेक. केलंय, बॅकएंडचा कोड लिहितो. त्यामुळे आज जे बोलणार ते इमारत वापरणाऱ्याच्या आणि जुन्या सिस्टिम सांभाळणाऱ्याच्या नजरेतून.

आचरा तुम्हाला माहीत असेल तर ते गावपळणीमुळे. दर काही वर्षांनी अख्खं गाव, माणसं, गुरं, कोंबड्या सगळं घेऊन, तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. त्या गावात १९१६ साली कानविंदे जन्मले. आई लहानपणीच गेली. वडील चित्रकार, मुंबईत चित्रकला शिकवायचे. मुलालाही रंगांची ओढ होती, पण १९३५ मध्ये जे.जे.ला त्यांनी ॲडमिशन घेतली ती आर्किटेक्चरला. तिथे तेव्हा हेड होते क्लॉड बॅटली. इंग्रज माणूस, पण जुन्या भारतीय वास्तू नीट बघा, मोजा, काढा, असा आग्रह धरणारा. म्हणजे पाया काय पडला, तर आधी हाताने मोजा आणि मग मत द्या. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग आलं दुसरं महायुद्ध. सीएसआयआर नुकतीच सुरू झाली होती, देशात प्रयोगशाळा उभारायच्या होत्या, आणि प्रयोगशाळेची इमारत कशी असते हे माहीत असलेले आर्किटेक्ट आपल्याकडे जवळपास नव्हते. गॅस, पाणी, वीज, धूर बाहेर काढायची सोय, ॲसिडचा निचरा, आणि उद्या नवीन मशीन आलं तर भिंत हलवता आली पाहिजे. हे बंगला बांधण्यासारखं काम नाही. तर सरकारने काही तरुणांना बाहेर शिकायला पाठवलं, आणि १९४५ मध्ये कानविंदे पोचले हार्वर्डला.

हार्वर्डला त्यांना शिकवायला कोण, तर वॉल्टर ग्रोपियस. ज्याने जर्मनीत बाउहाउस काढलं तो. नाझींच्या दडपणामुळे १९३३ मध्ये बाउहाउस बंद पडलं, ग्रोपियस आधी इंग्लंड आणि मग अमेरिकेत आला. त्याच वर्षांत तिथे आय. एम. पे होता, ज्याने पुढे पॅरिसच्या लूव्र म्युझियमसमोर काचेचा पिरॅमिड केला. पॉल रुडॉल्फ होता. आणि या सगळ्यांत आचऱ्याचे कानविंदे. डोक्यात जरा चित्र उभं करा ना!

ग्रोपियसचं एक वेगळेपण होतं. ल कॉर्बुझिए म्हणजे एकटा जीनियस, हातात पेन्सिल, बाकीच्यांनी ऐकायचं. ग्रोपियसला टीम आवडायची. कानविंदे हार्वर्डला गेले त्याच वर्षी, १९४५ मध्ये, त्याने सहकाऱ्यांबरोबर जी फर्म काढली तिला स्वतःचं नाव दिलं नाही, नाव ठेवलं 'द आर्किटेक्ट्स कोलॅबरेटिव्ह'. मला वाटतं कानविंदेंनी हार्वर्डहून सपाट छतं आणि आडव्या खिडक्या आणल्याच, पण त्याहून जास्त ही सवय आणली. १९५५ मध्ये त्यांनी शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत फर्म काढली, कानविंदे अँड राय. नंतर मोराद चौधरी आले, तर नावात चौधरीही आले. इंजिनिअर पार्टनरचं नाव दारावरच्या पाटीवर! आजही आर्किटेक्टच्या फर्ममध्ये हे रोज दिसत नाही.

१९४७ मध्ये ते परत आले. देश नुकताच स्वतंत्र झालेला, सगळं बांधायचंय आणि पैसे नाहीत. अहमदाबादला विक्रम साराभाईंनी कापड गिरण्यांसाठी संशोधन संस्था काढली होती, अटिरा. तिची इमारत कानविंदेंनी केली, पन्नाशीच्या सुरुवातीला. फोटो बघा. कमान नाही, घुमट नाही, जाळी नाही, छत्री नाही. साधे सरळ आकार एकमेकांना टेकून ठेवलेले. आज ते बघून आपण म्हणतो, "ह्यात काय, सरकारी ऑफिस दिसतंय." अहो, सरकारी ऑफिस तसं दिसायला लागलं ते यांच्यानंतर! तेव्हा हा मोठा वाद होता की स्वतंत्र भारताने कसं दिसायचं. एक गट म्हणायचा घुमट लावा, नक्षी करा, आपलं जुनं वैभव दिसलं पाहिजे. दुसरा गट म्हणायचा नवा देश आहे, नव्या पद्धतीने बांधा. १९५९ च्या मार्चमध्ये दिल्लीत ललित कला अकादमीने यावर परिसंवाद घेतला, उद्घाटनाला नेहरू होते, आणि त्या चर्चेचं पुस्तक संपादित करायचं काम कानविंदेंनी केलं.

आणि त्याच वर्षी सुरू झालं त्यांचं सगळ्यात मोठं काम. आयआयटी कानपूर.

इथे माझ्यासारख्या कोडवाल्याला जरा थांबावं लागतं. कानपूरला १९६३ मध्ये आयबीएम १६२० आला, आणि देशात कॉम्प्युटर रीतसर शिकवायला सुरुवात झाली ती बरीचशी इथून. प्रोफेसर व्ही. राजारामन तिथे शिकवायचे, ज्यांची प्रोग्रॅमिंगची पुस्तकं आपल्या आधीच्या पिढीने झेरॉक्स मारून मारून वाचली. नारायण मूर्तींनी एम.टेक. तिथेच केलं. एमआयटी, प्रिन्स्टन, बर्कले, पर्ड्यू धरून नऊ अमेरिकन विद्यापीठं १९६२ पासून दहा वर्षं या संस्थेला मदत करत होती. आणि पहिले डायरेक्टर कोण? पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. व्हीजेटीआयमध्ये शिकवलेले, आयआयटी मुंबईच्या उभारणीत असलेले. म्हणजे गंगेकाठच्या कानपुरात, हजार एकराहून मोठ्या मोकळ्या जागेवर काय उभं करायचं हे ठरवणाऱ्यांत एक केळकर आणि एक कानविंदे. आज तिथल्या लायब्ररीला केळकरांचं नाव आहे आणि ती लायब्ररी कानविंदेंनी डिझाइन केलेली आहे.

आता डिझाइन बघू. नेहमीची पद्धत काय? सिव्हिलची एक बिल्डिंग, मेकॅनिकलची एक, इलेक्ट्रिकलची एक, प्रत्येकाला कंपाउंड, प्रत्येकाला गेट, आणि चार वर्षांत सिव्हिलवाला इलेक्ट्रिकलच्या इमारतीत पाय टाकत नाही. कानविंदेंनी उलटं केलं. जे सगळ्यांना लागतं, म्हणजे लायब्ररी, लेक्चर हॉल, प्राध्यापकांच्या खोल्या, कॉम्प्युटर, ते मधे. प्रयोगशाळा त्याच्या आजूबाजूला. आणि या सगळ्यांना जोडणारे दोन मजली झाकलेले रस्ते, पायी चालणाऱ्यांसाठी. गाड्या बाहेर. तुम्ही वरून चालत एका विभागातून दुसऱ्यात जाऊ शकता, डोक्यावर मे महिन्याचं ऊन नाही, पावसात भिजणं नाही. खाली झाडं, पाणी.

माझ्या भाषेत सांगायचं तर त्यांनी मॉड्यूलपेक्षा मॉड्यूलमधल्या जोडण्यांवर जास्त डोकं घातलं. सिस्टिम मोठी होणार हे गृहीत धरलं. विभाग वाढले तर रस्ता पुढे न्यायचा आणि नवा ब्लॉक जोडायचा, मधलं काही पाडायचं नाही. बांधणी कशी, तर काँक्रीटचे खांब आणि तुळया, आणि मधे वीट. प्लास्टर नाही, रंग नाही. जे वजन उचलतंय ते दिसतंय, जे नुसतं भरलंय तेही दिसतंय. कोणता भाग हलवला तर चालेल आणि कोणता नाही, हे इमारत बघूनच कळतं. असा कोड मला कोणी हँडओव्हरमध्ये दिला तर मी त्याला जेवायला नेईन.

आणि मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे दूध डेअरी. हो, डेअरी. उत्तर गुजरातमधल्या मेहसाण्याची दूधसागर डेअरी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. डेअरी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पत्र्याची शेड येते. इथे कानविंदेंनी विचार केला की दूध हा पातळ पदार्थ आहे, तर त्याला वर चढवा आणि मग प्रक्रिया करत करत त्याचं त्याला खाली येऊ द्या. ग्रॅव्हिटी फुकट आहे. म्हणून डेअरी उभी झाली. आणि आत बॉयलर, वाफ, उष्णता, तर ती गरम हवा वर निघून जावी म्हणून छतावर शाफ्ट काढले. बाहेरून बघितलं तर किल्ल्यासारखी दिसते, बुरूज बुरूज. पण तो एकही बुरूज शोभेचा नाही. प्रत्येक बुरूज श्वास घेतोय.

याच्या उलट, मी ज्या इमारतीत काम करतो ती बघा. कंपनीचं नाव घेत नाही. पश्चिमेला पूर्ण काच. दुपारी तीननंतर ऊन थेट स्क्रीनवर, म्हणून दिवसभर ब्लाइंड खाली. ब्लाइंड खाली म्हणून दिवसा लाइट चालू. काचेतून उष्णता आत येते म्हणून एसी जोरात, एसी जोरात म्हणून आमच्या टीममधल्या दोघी मे महिन्यात शाल घेऊन बसतात. ब्रोशरवर मात्र 'डेलाइट-फ्रेंडली'. यात आर्किटेक्टचा एकट्याचा दोष नाही, बिल्डरला जे विकायचंय ते तो मागतो. पण फरक बघा ना.

बरं, आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा एपिसोड नुसती आरती होईल.

काँक्रीट म्हातारं होतं. आणि का होतं ते समजून घ्या, कारण पाडायचं की ठेवायचं हा सगळा वाद इथे येऊन अडकतो. काँक्रीटच्या आत लोखंडाच्या सळ्या असतात. ताजं काँक्रीट अल्कलाइन असतं, त्यामुळे सळीवर एक पातळ संरक्षक थर बसतो आणि ती गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, वर्षाला अगदी थोडा, आणि काँक्रीटची अल्कलिनिटी कमी करत जातो. ज्या दिवशी हे सळीपर्यंत पोचतं त्या दिवशी तिचं कवच गेलं. मग पाणी आणि हवा मिळाली की गंज. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळ जागेपेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं, आणि आतून काँक्रीट फोडतं. तुमच्या जुन्या सोसायटीत बाल्कनीखाली पोपडा पडून सळी दिसते ना, ते हेच.

सळीवर काँक्रीटचं किती जाड आवरण ठेवलं यावर हे किती वर्षांनी होणार ते ठरतं. पन्नास-साठच्या दशकात हे आवरण बऱ्याचदा कमी ठेवलं जायचं, सिमेंटची टंचाई असायची, मिश्रण हाताने व्हायचं. त्यात ही काँक्रीट उघडी, वर प्लास्टर किंवा रंग नाही. शिवाय जाड काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतं. उत्तर भारतात मे महिन्यात वरच्या मजल्यावर राहिलेल्या कोणालाही विचारा. त्यामुळे अशा इमारतीत रोज राहणारा, रोज गळती पुसणारा माणूस म्हणत असेल की नको हे, तर त्याला "तुला कला कळत नाही" असं म्हणायचा अधिकार मला तरी नाही.

पण माझं म्हणणं असं आहे की निर्णय मोजून घ्या. आपल्याकडे तसा घेतला जात नाही.

दिल्लीतलं हॉल ऑफ नेशन्स घ्या. राज रेवाल आर्किटेक्ट, महेंद्र राज इंजिनिअर. १९७२ च्या व्यापार मेळ्यासाठी, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी बांधलेलं. एवढी मोठी त्रिकोणी-त्रिकोणी जाळीची रचना जगात इतरत्र स्टीलमध्ये करतात. आपल्याकडे स्टील महाग, मजूर उपलब्ध, म्हणून ती अख्खी जाळी काँक्रीटमध्ये, जागेवर, हाताने ओतली. ती पाडू नये म्हणून जगभरातून पत्रं गेली. वारसा समितीचं म्हणणं होतं की साठ वर्षांपेक्षा कमी वयाच्या इमारतीचा वारसा म्हणून विचार करायचा नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये हायकोर्टाने याचिका फेटाळली आणि काही दिवसांत, रात्रीतून, हॉल भुईसपाट. वय पंचेचाळीस.

हा साठीचा नियम मला गंमतशीर वाटतो. म्हणजे साठ वर्षांची होईपर्यंत जगलीस तर तू वारसा. पण आपल्या शहरात पन्नाशीनंतर कोणती इमारत रीडेव्हलपमेंटच्या तावडीतून सुटते?

दुसरं उदाहरण अहमदाबादचं आयआयएम. लुई कानची इमारत. २०२० च्या डिसेंबरमध्ये संस्थेने सांगितलं की अठरापैकी चौदा वसतिगृहं पाडून नवी बांधणार. कारणं खोटी नव्हती: विटा झिजल्या, गळती, २००१ च्या भूकंपात बसलेले धक्के. जगभरातून विरोध झाला, आणि १ जानेवारीला प्रस्ताव मागे घेतला. २०२२ मध्ये पुन्हा तोच विषय, पुन्हा बांधायचं म्हणून. आता गंमत ऐका. त्याच कॅम्पसमधल्या लायब्ररीची दुरुस्ती मुंबईच्या ब्रिंदा सोमाया यांच्या फर्मने केली होती, आणि तिला २०१९ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला होता. एकाच आवारात, एकाच आर्किटेक्टची, तशाच विटांची एक इमारत दुरुस्त होते आणि दुसरीला सांगतात की इलाज नाही. कदाचित खरंच दोन्हींची अवस्था वेगळी असेल. मग तसा रिपोर्ट लोकांसमोर मांडा ना, खोलीगणिक, खांबागणिक.

आमच्याकडे प्रत्येक नवीन जॉइनी दुसऱ्या आठवड्यात म्हणतो, "सर, हा सगळा कोड फेकून नव्याने लिहू." नव्याने लिहिण्यात मजा असते, प्रमोशन असतं, डेमो असतो. जुनं सांभाळण्यात काय? कोणी टाळ्या वाजवत नाही. इमारतींचंही तेच. नव्या इमारतीचं बजेट मंजूर होतं, फीत कापायला मंत्री येतात. गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग वेळेवर केलं म्हणून कोणाचा फोटो छापून येत नाही. आणि मग पंधरा वर्षं गच्ची न बघता आपण म्हणतो, "डिझाइनच चुकीचं होतं."

कानविंदेंच्या इमारतींची अडचण अजून एक. कान, कॉर्बुझिए यांच्यासाठी निदान जगभरातून पत्रं येतात. कानविंदेंसाठी कोण लिहिणार? त्यांना पद्मश्री मिळाली, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं बाबूराव म्हात्रे सुवर्णपदक मिळालं. २००२ च्या डिसेंबरमध्ये ते गेले. २०१७ मध्ये त्यांच्यावर 'आकार' नावाचं मोठं पुस्तक आलं. पण त्यांनी जास्त करून केलं काय, तर प्रयोगशाळा, कृषी विद्यापीठं, डेअरी, प्रशिक्षण संस्था. अशा ठिकाणी कोणी सेल्फी काढायला जात नाही. तिथे लोक कामाला जातात, आणि चालू कामात अडथळा नको म्हणून शाफ्टवर पत्रा मारतात, व्हरांडा बंद करून स्टोअररूम करतात, विटेवर ऑइल पेंट फासतात. कोणी मुद्दाम नासवत नाही. कोणाला ठाऊकच नसतं की तो शाफ्ट हवेसाठी होता. डॉक्युमेंटेशन नाही! मग खोली तापली की भिंत फोडून स्प्लिट एसी.

तर काम सांगतो. मुंबईकरांनो, तुमच्यातले निम्मे शाळेच्या सहलीला वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला गेला असाल. ते कानविंदेंचं. पुन्हा जा, आणि या वेळी आरशांच्या खेळाआधी पाच मिनिटं बाहेर उभं राहून इमारत बघा. पुणेकरांनो, बालेवाडीची नॅशनल इन्शुरन्स अकादमी त्यांच्याच फर्मची. आत सहज सोडत नाहीत, पण तुमचं कोणी विम्यात असेल तर ट्रेनिंगला जाताना त्यांना सांगा की फोटो काढून आणा.

आणि तुमच्या गावात, तालुक्याला, असं साठ-सत्तरमधलं उघड्या काँक्रीटचं काही असेल, कॉलेज, सहकारी बँक, एसटी स्टँड, साखर कारखान्याचं ऑफिस, तर फोटो पाठवा. दारावरच्या कोनशिलेचाही पाठवा. त्यावर बहुतेक उद्घाटकाचं नाव मोठं असेल आणि आर्किटेक्टचं नसेलच. साल तरी कळेल. दहा-बारा आले तर पुढचा एपिसोड त्यांच्यावरच करू, आणि जिथे शक्य आहे तिथे मी स्वतः जाऊन गच्चीची अवस्था विचारून येतो. चला, भेटू पुढच्या आठवड्यात.